विश्लेषण : हातभट्टीच्या बातमीतला ‘नवसागर’ म्हणजे नेमके काय?

हातभट्टीवर छापा पडल्याची बातमी आली की त्यात एक वाक्य जवळपास ठरलेले असते : गूळ व नवसागरमिश्रित इतके लिटर कच्चे रसायन जागीच नष्ट करण्यात आले. गूळ सर्वांना ठाऊक आहे. नवसागर हा शब्द मात्र नव्या पिढीतल्या अनेकांनी फक्त अशा बातम्यांतच वाचलेला असतो. त्यामुळे तो एखादा विषारी किंवा नशा आणणारा पदार्थ असावा, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. दिसायला मिठासारखा पांढरा, चवीला खारट-तुरट. त्याचे खडे किंवा वड्या मिळतात. एकेकाळी गावोगावी फिरणाऱ्या कल्हईवाल्याच्या पिशवीत तो हमखास असे.

नावात ना नऊ, ना सागर

‘नवसागर’ हा शब्द ऐकून नऊ समुद्रांची आठवण होते. पण त्याचा समुद्राशी काही संबंध नाही. फारसीत हा पदार्थ ‘नौशादर’, हिंदीत ‘नौसादर’, तर संस्कृत रसग्रंथांत ‘नवसादर’ किंवा ‘नवसार’. मराठी जिभेने अनोळखी ‘सादर’चा ओळखीचा ‘सागर’ करून टाकला.

मध्य आशियात जमिनीखाली जळत राहणाऱ्या कोळशाच्या थरांतून वाफा निघतात आणि खडकांच्या फटींत त्यांचे पांढरे स्फटिक जमतात. हा तिथला नैसर्गिक नवसागर. व्यापारी तो दूरवर नेऊन विकत. भारतात तो विटांच्या भट्ट्यांतूनही मिळे. ‘रसरत्नसमुच्चय’ या मध्ययुगीन ग्रंथात वीटभट्टीत तयार होणारे पांढरे, हलके लवण म्हणून त्याचा उल्लेख आहे, शिवाय ‘चूलिका लवण’ असे दुसरे नावही आहे. चुलीचे मीठ! अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत आजच्या हरियाणातील कर्नाल भागात कुंभार विटांच्या भट्टीतून नवसागर काढत.

इजिप्तमध्ये इंधनासाठी शेण जाळत आणि त्याच्या काजळीतून नवसागर मिळवत. युरोपला बराच काळ तिथूनच माल जाई. पुढे स्कॉटलंडमध्ये जेम्स हटन यांनी भागीदारीत एडिंबरातल्या धुराड्यांच्या काजळीपासून तो तयार करण्याचा धंदा उभारला. आधुनिक भूशास्त्राचे जनक मानले जाणारे हटन ते हेच.

देवाच्या नावावरून अमोनिया

युरोपात या पदार्थाचे नाव होते ‘साल अमोनियाक’, म्हणजे अमोनचे मीठ. अमोन हा प्राचीन इजिप्तचा देव. सिवा येथील मरुद्यानात त्याचे प्रसिद्ध मंदिर होते. सुरुवातीला हे नाव त्या परिसरातल्या खनिज मिठाचे असावे, पुढे ते नवसागराला चिकटले. जोसेफ प्रिस्टले यांनी १७७४ च्या सुमारास नवसागर आणि चुना एकत्र तापवून एक झोंबरा वायू वेगळा केला. त्यालाच पुढे अमोनिया हे नाव मिळाले. आज युरिया खतापासून शीतगृहापर्यंत ज्याचा वापर होतो, त्या वायूचे नाव असे एका देवळापाशी जाऊन पोचते.

किमयागारांना मात्र नवसागराच्या वेगळ्याच गुणाचे अप्रूप होते. तापवला की तो वितळत नाही, थेट वाफ होऊन उडतो आणि थंड जागी पुन्हा तसाच जमतो. अरबी किमयागार त्याला पारा आणि गंधक यांच्या पंगतीत, ‘उडून जाणाऱ्या’ द्रव्यांत बसवत. नायट्रिक आम्लात नवसागर घातला की सोने विरघळवणारा द्रव तयार होतो, हेही किमयागारांना कळले होते. शालेय पुस्तकातल्या आम्लराजाची ही एक जुनी कृती.

कल्हईचा पांढरा धूर

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच-कोकमाची आमटी ठेवली की ती कळकते. आंबट पदार्थात तांबे उतरते आणि ते पोटाला बाधते. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, तीच कल्हई. पण तापलेल्या तांब्यावर हवेमुळे लगेच काळपट ऑक्साइड धरते आणि त्यावर कथील बसत नाही. इथे नवसागर लागतो. गरम भांड्यात त्याची पूड टाकताच तिचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. त्यातला दुसरा ऑक्साइड खाऊन टाकतो, धातू लख्ख होतो, आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील एका दमात पसरते. वर जाताना दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात. मुले ज्याकडे डोळे विस्फारून पाहत, तो पांढरा धूर म्हणजे पुन्हा तयार झालेला नवसागरच.

पितळी भांडी सध्या हौसेने घेतली जात असताना हे माहीत असलेले बरे. कल्हईत धोका नवसागराचा नसतो. कथलात स्वस्त शिसे मिसळले असेल तर त्याचा असतो.

मग दारूत कशासाठी?

गुळाच्या पाण्यात साखर भरपूर असते, पण नायट्रोजन फारसा नसतो. साखरेचे अल्कोहोल करणाऱ्या यीस्टला वाढायला नायट्रोजन हवा, आणि नवसागरातून तो आयता मिळतो. म्हणजे पिकाला खत घालावे तसे हे यीस्टचे खत. आंबण्याची क्रिया जोरात होते, माल लवकर तयार होतो. नशा चढते ती अल्कोहोलने. नवसागराला स्वतःची नशा नाही.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलमुळे. गूळ आंबवून मिथेनॉल नगण्यच तयार होते. ते येते कारखान्यांसाठीच्या रसायनाच्या पिंपातून, झटपट आणि स्वस्तात ‘माल’ वाढवण्यासाठी. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते. आधी दृष्टी जाते, मग जीव. वासावरून किंवा चवीवरून ते ओळखता येत नाही. तेव्हा ‘नवसागराची नाही, म्हणजे चांगली’ असे सांगत कोणी बाटली पुढे केली, तर त्या खात्रीला काडीचाही अर्थ नाही. दारू प्यायल्यानंतर काही तासांनी डोळ्यांपुढे धुके आले, श्वास जड झाला, तर उतारा म्हणून लिंबूपाणी देत न बसता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे लागते. मिथेनॉलवर उपचार आहेत, पण ते वेळेत मिळाले तरच उपयोगाचे.

खुद्द नवसागर मात्र घराघरांत आहे, फक्त नाव बदलून. टॉर्चच्या जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये त्याचा लगदा असे. फिनलंडमध्ये त्याच्या खारट गोळ्या मुले आवडीने चघळतात. आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली, तर कफ पातळ करणारा घटक म्हणून ‘अमोनियम क्लोराइड’ हे शब्द अनेकदा सापडतात.