संगणक मंदावला तर

बालमित्रांनो, संगणक मंदावला की घरोघरी म्हणतात, "व्हायरस शिरला!" पण पुष्कळदा कारण साधे असते. चालू करताच नको ते प्रोग्रॅमही आपोआप सुरू होतात नि मेमरी भरते. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपमध्ये जाऊन ते बंद करावेत. मी करून पाहिलंय, फरक पडतो.

खरा धोका निराळाच! कधी पडद्यावर लाल पाटी येते, भोंगा वाजतो, खाली फोन नंबर असतो. तो चोराचा! मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतोच. फोन लावायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही. पाटी हटेना, तर बटण दाबून संगणकच बंद करावा.

पालकहो, पैसे गेलेच तर तत्काळ १९३० ला फोन लावा. उशीर झाला की ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळतात.