सिल्वासाच्या पिनची फोड

सिल्वासाच्या पोस्टात रांगेत माझ्यापुढे सात-आठ जण होते. हातातल्या पाकिटावर, माझ्याच पत्त्याखाली, ३९६२३०. हा आकडा किती वेळा लिहिला असेल, पण त्याच्याकडे नीट कधी पाहिलं नव्हतं.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिला ३ आपल्याला गुजरात-राजस्थानच्या विभागात टाकतो, शेवटचे तीन अंक पोस्ट सांगतात. टपालाला एवढं पुरतं. मला मात्र अवयव पाडायची खुमखुमी आली.

शेवटी शून्य, म्हणजे २ आणि ५ लगेच हातावेगळे. उरले ३९६२३. अंकांची बेरीज २३, म्हणून ३ ने भाग जात नाही. ७ ने बाकी ३. ११ ने १. १३ ने १२, एकाने हुकलं! तेवढ्यात माझा नंबर आला. बाकीचे भागाकार घरी, पाठकोऱ्या कागदावर.

जायचं कुठवर? वर्गमुळापर्यंत. त्यापलीकडे भाजक असेल, तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडायला हवा. १९९ चा वर्ग ३९६०१. पुढची मूळ संख्या २११, तिचा वर्ग ४४५२१. म्हणजे १९९ ही शेवटची. १२७ ला वाटलं, सापडलं. पण बाकी १२६, पुन्हा एकानेच हुकलं. १९९ ने बाकी २२. खेळ खलास: ३९६२३ ही मूळ संख्या आहे. २, ५ आणि ३९६२३, एवढेच सिल्वासाच्या पिनचे मूळ अवयव.

कागद बाजूला ठेवणार, तोच आकड्यांच्या नादावरून इथून जवळचं डहाणू आठवलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा जन्म तिथला, १९०५ चा. नोकरी देवळालीच्या शाळेत, मास्तरची. त्यांचा एक खेळ असा: चार अंकी संख्येचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लिहायचे, वजाबाकी करायची, उत्तरावर पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसतील, तर सात फेऱ्यांच्या आत ६१७४ येतो आणि तिथून हलत नाही. हे त्यांना १९४९ मध्ये सापडलं. सहा अंकांचं तसं नाही. त्यातल्या काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, बाकीच्या सात संख्यांच्या चक्रात फिरत राहतात.

आपला पिन कुठे जातो?

९६३३२० − ०२३३६९ = ९३९९५१
९९९५३१ − १३५९९९ = ८६३५३२
८६५३३२ − २३३५६८ = ६३१७६४

तिसऱ्याच फेरीत मुक्कामाला! खात्रीसाठी चौथीही केली: ७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४. आता त्यातला ३ आणि दुसरा ६ पुसा. कापरेकरांचा ६१७४ उरतो.

तुमचाही पिन घ्या आणि करून बघा. चक्रात अडकला, तर सात फेऱ्यांनी तीच संख्या पुन्हा समोर येईल. मग पेन्सिल खाली ठेवा.