तुमची उशी तुमच्या मापाची आहे का?

मुलांनो, ‘भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा’ ही म्हण तुम्ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. सपाटून भूक लागली की कोंडासुद्धा गोड लागतो आणि गाढ झोप आली की दगडाची उशीही चालते, असा तिचा अर्थ. तुम्ही म्हणाल, दगडावर मान टेकून कोणी झोपतं का? अहो, खरंच झोपत असत! प्राचीन इजिप्तमध्ये लाकडाचे, दगडाचे अर्धचंद्रासारखे टेकू उशाला घ्यायची पद्धत होती. १९२२ मध्ये तुतनखामेन या राजाची कबर सापडली, तेव्हा तिच्यात हस्तिदंताचे आणि निळ्या काचेचे टेकूसुद्धा निघाले. जपानमध्ये पूर्वी केसांची उंच रचना मोडू नये म्हणून बायका लाकडी खोक्यावर छोटी गुंडाळी बांधून त्यावर मान टेकवत.

गंमत म्हणजे हे दोन्ही टेकू डोक्याखाली नव्हे, तर मानेखाली येत. आपण मात्र उशी घेताना ती बोटाने दाबून ‘वा, काय मऊ आहे!’ एवढंच बघतो. मानेला काय हवं, ते विचारतच नाही.

उशीचं खरं काम

मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचं असतं. हे ओझं मानेतले सात मणके आणि आजूबाजूचे स्नायू दिवसभर सांभाळतात. (जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही मणके सातच असतात बरं का!) रात्री या स्नायूंना सुट्टी हवी. ती कधी मिळेल? आपण ताठ उभे असताना मान जशी सरळ असते, तशीच ती झोपेतही राहिली तर.

आपण आडवे झालो की डोकं, मान आणि गादी यांच्यामध्ये एक पोकळी राहते. ती पोकळी भरून काढणं हेच उशीचं काम. उशी जास्त उंच झाली तर मान एका बाजूला वाकते, फार पातळ झाली तर दुसऱ्या बाजूला. तासन् तास तशीच राहिली की सकाळी मान अवघडते. मग वर्गात फळ्याकडे बघायचं तरी सगळं अंग वळवावं लागतं!

तुम्ही कसे झोपता?

ही पोकळी प्रत्येक झोपेत वेगळी असते.

कुशीवर झोपणारे: इथे पोकळी सगळ्यात मोठी. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढी. म्हणून उशी जाड आणि जरा भरीव हवी. उशीवर फक्त डोकं आणि मान ठेवा, खांदा गादीवरच राहू द्या. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक पातळ उशी घेतली तर कमरेलाही आराम मिळतो. आजीला हे जरूर सांगा.

उताणे झोपणारे: इथे पोकळी लहान. मध्यम किंवा पातळ उशी पुरते. हनुवटी छातीकडे झुकली तर उशी उंच आहे, हनुवटी छताकडे गेली तर ती कमी पडते आहे.

पालथे झोपणारे: नाक उशीत खुपसून तर झोपता येत नाही! म्हणून मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते. त्यात उंच उशी घेतली तर ती मागेही वाकते. अशांनी अगदी पातळ उशी घ्यावी किंवा घेऊच नये आणि हळूहळू कुशीवर झोपायची सवय लावावी.

गादीचाही विचार करा. मऊ गादीत खांदा रुततो, पोकळी कमी होते, मग उशी थोडी पातळ चालते. जमिनीवर सतरंजी टाकून कुशीवर झोपलात तर खांदा मुळीच रुतत नाही, तिथे उशी जरा उंच लागते.

माप घ्या!

यासाठी दुकानात जायला नको. दोन-तीन जुन्या चादरी, एक पट्टी आणि मदतीला आई, बाबा किंवा ताई-दादा एवढं पुरे.

रोज जिथे झोपता तिथे, रोजच्यासारखे आडवे व्हा. डोक्याखाली उशीऐवजी चादरीची घडी ठेवा. कुशीवर झोपणाऱ्यांकडे मदतनिसाने पाठीमागून बघायचं. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठीचा कणा एका सरळ रेषेत दिसतो का? डोकं गादीकडे कललं असेल तर आणखी एक घडी घाला, वर उचललं गेलं असेल तर एक काढा. उताणे झोपणाऱ्यांकडे बाजूने बघायचं. चेहरा सरळ छताकडे हवा. जमलं की डोकं तसंच ठेवून पट्टीने घडीची उंची मोजा. हे तुमच्या उशीचं माप!

आता रोजच्या उशीवर डोकं ठेवून तिचीही उंची मोजा. मोकळी उशी मोजू नका हं, डोक्याखाली दबलेलीच मोजायची. घरातल्या सगळ्यांची मापं एका कागदावर लिहा. बाबांचं आणि धाकट्या बहिणीचं माप एकसारखं येणारच नाही, पण उशा मात्र बहुतेक घरांत सगळ्यांच्या सारख्याच असतात. बाबांच्या चपला घालून आपण शाळेत जातो का? मग बाबांच्या मापाची उशी का?

कापूस काढा, कापूस घाला

पालकहो, यासाठी नवी महागडी उशी आणायची गरज नाही. घरी कापसाची उशी असेल तर एका बाजूची शिवण उसवा, मापाप्रमाणे कापूस काढा किंवा घाला आणि पुन्हा टाके घाला. गादीवाल्याकडून उशी भरून घेणार असाल तर कापूस किती हवा, ते आधीच सांगा. तयार उशीत ही सोय क्वचितच मिळते.

साधा कापूस वापरून वापरून दबतो, त्याचे गोळे होतात. तो अधूनमधून पिंजून घ्यावा लागतो. सावरीचा म्हणजेच शेवरीचा कापूस हलका आणि गुळगुळीत असतो. इतका गुळगुळीत, की त्याचं सूत काढणं अवघड जातं. उशीला मात्र तो छान! फोमची उशी आकार टिकवते, पण तिची जाडी घरी बदलता येत नाही. म्हणून ती डोकं ठेवून बघूनच घ्यावी.

उशी कोणतीही असो, अभ्रा आठवड्याला धुवा. उशीत घाम, तेल आणि धूळ साठते. त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात आणि काहींना त्यांच्यामुळे शिंका किंवा दम्याचा त्रास होतो.

बाळाला उशी नको

घरात तान्हं बाळ असेल तर हे मोठ्यांना वाचून दाखवा. डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे बाळाला प्रेमाने मोहरीची उशी शिवतात. पण वर्षाच्या आतल्या बाळाला उशी देऊ नये, त्याला उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. उशीत नाक-तोंड दबलं तर बाळाला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोठी मोहीम सुरू झाली. त्यानंतर झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. तेव्हा मोहरीची उशी आठवण म्हणून कपाटात ठेवा, बाळाच्या डोक्याखाली नको.

आणि एवढं लक्षात ठेवा

मान अवघडणं दोन-चार दिवसांत थांबलं नाही किंवा हाताला मुंग्या येऊ लागल्या तर उशा बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तापाबरोबर मान ताठ झाली तर लगेच, त्याच दिवशी.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप लागते. म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा तरी मान उशीच्या हवाली! दरवर्षी जूनमध्ये गणवेश आखूड झाला की नवा शिवतो ना? खांदेही तसेच रुंदावत असतात. त्याच दिवशी उशीचंही माप पुन्हा घ्या. मूठभर कापसाचंच तर काम आहे!