पाठीचें दुखणें आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

मी वैद्य नव्हे. फळ्यापुढें उभें राहून चौतीस वर्षें अंकगणित शिकविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु गेलीं नऊ वर्षें माझी पाठ मला जें शिकवीत आहे, तें आपणांसही उपयोगी पडावें असें वाटल्यावरून आज बोलण्याचें धाडस करीत आहें.

मानेचे सात, छातीमागील बारा आणि कमरेचे पांच असे चोवीस मणके एकावर एक रचलेले असतात. बहुतेक दोन मणक्यांच्या मध्यें कूर्चेची एक चकती असते; तिचें कवच चिवट आणि गाभा मऊ. कवच फाटून गाभा बाहेर आला व मज्जातंतूच्या मुळावर त्याचा दाब पडला, म्हणजे कळ मांडीमागून पोटरींत व पावलापर्यंत उतरते. आयुर्वेदांतील गृध्रसी व आपली सायटिका ती हीच. निसटलेली चकती आणि हें दुखणें यांचा संबंध १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनीं प्रसिद्ध केला.

चार वर्षांपूर्वीं पाण्याची बादली उचलतांना माझा डावा पाय कंबरेपासून आंगठ्यापर्यंत पेटला. एम. आर. आय. काढला. कमरेच्या चौथ्या व पांचव्या मणक्यांमधील चकती निसटली होती. ज्या शल्यवैद्यांकडे प्रथम गेलों, त्यांनीं चित्र उजेडासमोर धरलें आणि स्क्रू व सळ्या घालून मणके सांधावे लागतील असें सांगितलें. माझ्याकडे त्यांनीं फारसें पाहिलें नाहीं. घरीं मुलानें खर्चाचा हिशेब मांडला आणि कुटुंबानें देव पाण्यांत ठेवले.

दुसऱ्या शल्यवैद्यांनीं मात्र चित्र बाजूस ठेवून विचारलें, "मास्तर, अधिक काय दुखतें, पाय कीं पाठ?" सारें मर्म या प्रश्नांत आहे. पायाची कळ आणि चित्रांतील दाब हीं एकमेकांशीं जुळत असतील, तर बाहेर आलेला तुकडा काढण्याची लहान शस्त्रक्रिया पुष्कळदां पायाला लौकर आराम देते. नुसत्या कंबरदुखीला तिचा तसा उपयोग नाहीं. मणके सांधण्याविषयीं म्हणाल, तर २००५ सालीं ब्रिटनमधील ३४९ रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. कांहींचे मणके सांधले, कांहींना कसून व्यायाम व मार्गदर्शन दिलें. सांधलेले रुग्ण स्पष्टपणें सरस ठरले असें दोन वर्षांनंतरही म्हणतां आलें नाहीं. मणका जागचा सरकत असेल, मोडला असेल, किंवा क्षय वा गांठ असेल, तर गोष्ट निराळी.

आणि चित्रालाही फार भिऊं नये. १९९४ सालीं अमेरिकेंत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचीं अशीं चित्रें काढलीं, तेव्हां ६४ टक्के लोकांची कोणती ना कोणती चकती बिघडलेली आढळली. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात, असें माझे डॉक्टर म्हणाले.

मग थांबावें काय? २००७ सालीं हॉलंडमध्यें सायटिकाच्या २८३ रुग्णांवर हाच प्रश्न पारखला गेला. ज्यांची शस्त्रक्रिया लौकर झाली ते सुमारें दोन महिने आधीं बरे झाले; वर्षाअखेर मात्र दोन्ही गटांतील सुमारें ९५ टक्के रुग्ण बरे होते. थांबलेल्यांपैकीं ३९ टक्क्यांना अखेर शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली, हें विसरूं नये. जो रोजंदारीवर आहे, त्याला दोन महिने म्हणजे घरची चूल. मला निवृत्तिवेतन होतें; थांबणें परवडलें.

अकरा आठवड्यांनीं पायाची कळ ओसरली. पाठ आजही दुखते. अंथरुणाला खिळूं नका, हा सल्ला मला सर्वांत जड गेला. दुखणें म्हणजे निजणें, हेंच आमच्या पिढीला ठाऊक. आतां रोज चालतों, पंगतींत खुर्ची मागून घेतों, बादली अर्धीच भरतों. लग्नघरीं कोणी सामानाला हात लावावयास सांगितलें आणि मीं नाहीं म्हटलें, कीं लोकांना तें ढोंग वाटतें. पाठ दुखतांना दिसत नाहीं ना!

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, शौचाचा ताबा गेला, जांघेंत वा बैठकीच्या जागीं बधिरपणा आला, अथवा पायाचें बळ झपाट्यानें जाऊं लागलें, तर त्याच घटकेला रुग्णालय गांठावें. तेथें थांबण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकूं नये.

चवडा उचलण्याचें बळ मुख्यतः माझ्या त्या दुखऱ्या मज्जातंतूकडूनच येतें. म्हणून डॉक्टरांनीं सांगितल्यावरून रोज सकाळीं अंथरुणापासून स्वयंपाकघरापर्यंत मी टाचांवर चालत जातों. कुटुंब हंसतें. ज्या दिवशीं डावा चवडा उचलणार नाहीं, त्या दिवशीं वाद न घालतां शस्त्रक्रियेला जावयाचें असें आमच्यांत ठरलें आहे. चित्रें व कागद एका पिशवींत बांधून कपाटाच्या वरच्या खणांत ठेवले आहेत.