छोटी गाडी ‘स्पोर्टी’ करायचीय? आधी आरसी उघडा, मग पाना हातात घ्या

वडोदरा : शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, पावागडच्या पायथ्याला हालोल आहे. तिथल्या कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांच्या नाकावर ‘एमजी’ ही दोन अक्षरं असतात. ही अक्षरं कशाची, असं विचारलं तर दहातले नऊ जण डोकं खाजवतात. ती आहेत ‘मॉरिस गॅरेजेस’ची. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरातलं विल्यम मॉरिस यांचं हे गॅरेज. १९२१ मध्ये तिथे सेसिल किंबर नावाचा सेल्स मॅनेजर आला आणि वर्षभरात जनरल मॅनेजर झाला. साधी, घरगुती मॉरिस गाडी घ्यायची, स्प्रिंगा चपट्या करून ती खाली बसवायची, स्टिअरिंग तिरकं करायचं, वर हलकी देखणी बॉडी चढवायची आणि विकायची, हा त्याचा उद्योग. १९२९ ची एमजी मिजेट म्हणजे तरी काय, मॉरिस मायनर या छोट्या गाडीच्या सांगाड्यावर आणि ८४७ सीसीच्या इंजिनावर उभी केलेली दोन माणसांची चपळ गाडी.

म्हणजे आपली पोरं ज्याला ‘मॉड’ म्हणतात, त्यातूनच ही कंपनी जन्मली. आणि गंमत बघा, आज हालोलहून निघालेल्या गाडीवर कुणी किंबरचे प्रयोग केले आणि ती रस्त्यावर आणली, तर कायद्याने दंड आहे, तुरुंगही आहे.

हा विषय आपल्या वाचकांसाठी मुद्दाम घेतला. नंदुरबार, धुळे, जळगावकडची बरीच मुलं मकरपुरा, नंदेसरी, सावली, हालोल या पट्ट्यात नोकरीला आहेत. पहिली गाडी बहुतेक सेकंडहँड स्विफ्ट, पोलो किंवा आय-ट्वेंटी असते आणि पहिल्या दिवाळीला तिच्यावर खर्च सुरू होतो. दुसरीकडे गायकवाडांच्या काळापासून इथे राहणारी मराठी घरं आहेत. त्यांतल्या काहींच्या अंगणात आजोबांची फियाट अजून कापडाखाली उभी आहे. या दोघांचे प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्ही एकाच कागदावर येऊन अडतात. तो कागद म्हणजे आरसी.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने याच कलमावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं. परवानगीत न बसणारा बदल मालकाने केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे दोन शब्द नीट वाचा. सायलेन्सर, स्प्रिंग, चाकं, दिवे असे चार बदल नियमाबाहेर ठरले तर हिशेब २०,००० वर जातो. जागेवर तडजोडीने किती घेतात ते राज्यागणिक बदलतं, ती गोष्ट वेगळी.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी आरसीवर काय लिहिलंय ते बघा. इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, इंजिनाची सीसी, बॉडीचा प्रकार, बसण्याची क्षमता, रिकाम्या गाडीचं वजन आणि रंग. यातलं काहीही बदलत असेल तर आधी आरटीओ. रंगसुद्धा! लाल गाडी पूर्ण काळी करायची तर नोंद बदलून घ्यावी लागते. आणि लष्करी ऑलिव्ह ग्रीन रंग तर केंद्रीय नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याशिवाय कुणालाच नाही. थारवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

चाकापासून सुरुवात

सगळ्यात जास्त पैसे चाकांवर जातात आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात. टायरवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंची, १४ ही रिमची इंच. गणित केलं तर या चाकाची एकूण उंची साधारण ६२० मिमी येते. स्विफ्टच्या मागच्या पिढीत खालच्या मॉडेलला हा टायर होता आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. त्याची उंची येते ६२१ मिमीच्या आसपास. रिम मोठं झालं, टायर रुंद झाला, पण बाहेरचा घेर जवळपास तोच. म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. खालच्या मॉडेलला वरच्या मॉडेलचं चाक, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

आता कुणी हौसेने त्याच गाडीला २०५/६५ आर १५ टाकला, तर उंची ६४७ मिमी होते, म्हणजे साडेचार टक्के जास्त. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३-८४ वर असते, पुढचं चाक पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासतं आणि पिकअप कमी होतो. पैसे देऊन गाडी मंद केली, असंच म्हणायचं.

स्प्रिंगचं त्याहून वाईट. चांगली लोअरिंग स्प्रिंग महाग असते, म्हणून काही ठिकाणी मूळ स्प्रिंगचाच एक वेढा ग्राइंडरने कापतात. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक लोंबलं की आपल्या बैठकीतून सरकू शकते. अक्कलकुवा-देडियापाडा-राजपीपळा रस्त्याने रात्री येणाऱ्याने हे करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कापताना ग्राइंडरने स्टील तापतं, त्याचा ताव जातो. तिथून पुढे ती स्प्रिंग राहत नाही, नुसतं वाकवलेलं लोखंड राहतं.

‘रीमॅप’ हा आजचा परवलीचा शब्द. इंजिनाच्या ईसीयूमध्ये किती हवेला किती पेट्रोल आणि ठिणगी कधी, याचे तक्ते असतात. ते बदलणं म्हणजे रीमॅप. साध्या, बिनटर्बोच्या १.२ लिटर इंजिनात यातून फारसं काही हाती लागत नाही, कारण इंजिन हवा ओढणार ती तेवढीच. टर्बो गाडीत मात्र टर्बोचा दाब वाढवता येतो, म्हणून फरक जाणवतो. पण क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक जुन्याच ताकदीचे राहतात. त्यात आपल्याकडचा मे महिना. इंजिनात जाणारी हवाच तापलेली, त्यामुळे नॉकिंगचा धोका. थंड देशात बनवलेला मॅप इथे जसाच्या तसा टाकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. वॉरंटी जाते ती वेगळीच.

फ्री-फ्लो सायलेन्सर बसवताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकतात, तो प्रकार तर बीएस-६ गाडीत (एप्रिल २०२० नंतरच्या) अंगाशीच येतो. सेन्सर चूक पकडतो, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, पीयूसी अडकतं. आवाज आणि धुराच्या नियमभंगासाठी कलम १९०(२) आहे : १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा. दिव्यांचं एक छोटं सांगतो. एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याजागी १००/९० चा टाकला आणि रिले बसवला नाही, की आधी स्विच जळतो, मग वायर. काचांची काळी फिल्म २०१२ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बंद आहे, त्यावर वाद नको.

कंपनी स्वतः हेच करते तेव्हा कसं करते, याचा गुजरातमधलाच नमुना आहे. सानंदला बनणाऱ्या टियागोवरून टाटा आणि कोइमतूरच्या जयेमने २०१८ मध्ये टियागो जेटीपी काढली. टर्बो इंजिन, ११४ पीएस ताकद, रुंद टायर, पण गाडी खाली आणली ती फक्त ४ मिमी! सगळ्या चाचण्या देऊन, आरसीवर नोंद होऊनच ती रस्त्यावर आली. २०२० मध्ये बंद झाली. आज सेकंडहँडमध्ये मिळाली तर रीमॅपच्या खर्चापेक्षा ती घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

हद्द ओलांडली की

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. गाडीला तशी सोय नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथली नोंदणी घ्यावी लागते. समजा, शहाद्याच्या मुलाची एमएच-३९ ची स्विफ्ट आहे आणि दीड वर्षापासून तो वडोदऱ्यात आहे. नंदुरबारहून एनओसी आणायची, इथे दरजीपुऱ्याच्या आरटीओत गाडी न्यायची, कर भरायचा, मग जीजे-०६ नंबर. या वेळी गाडी प्रत्यक्ष तपासतात. चेसिस नंबर पडताळतात, रंग, इंजिन, बॉडी आरसीशी जुळवतात. वर्षभर चौकात कुणी अडवलं नसेल, पण इथे तो रुंद बंपर आणि बदललेला रंग टेबलावर येतो. तेव्हा मूळ भाग परत बसवण्याची मजुरी म्हणजे आधीचा खर्च दुसऱ्यांदा.

विम्याचंही तसंच. कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून सांगतो, विमा हा पूर्ण खरं सांगण्याच्या अटीवरचा करार आहे. महागडी म्युझिक सिस्टिम किंवा सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर ते पॉलिसीत वेगळं लिहून, जादा हप्ता भरूनच सुरक्षित होतं. न सांगितलेला बदल सर्व्हेअरला दिसला तर कंपनी स्वतःच्या गाडीचा क्लेम कापू शकते, नाकारूही शकते. थर्ड पार्टीला पैसे दिले तरी ते मालकाकडून वसूल करायला कंपनी कोर्टात मागणी करू शकते. सीएनजी हा खरं तर आपल्याकडचा सगळ्यात मोठा ‘मॉड’, आणि तो कायदेशीरही आहे. फक्त मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी हवी.

आजोबांची फियाट

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा ‘ट्वेंटीवन गन सॅल्यूट’ मेळा भरला. तो बघून घरची जुनी गाडी बाहेर काढावी असं अनेकांना वाटलं असेल. त्यांनी जुलै २०२१ चे केंद्राचे नियम माहीत करून घ्यावेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. जुना नंबर चालू असेल तर तो ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज भाजी आणायला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच.

खरी अडचण आहे ती आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या पद्मिनीची. व्हिंटेज व्हायला अजून पाच-दहा वर्षं बाकी, तोवर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. आणि वीस वर्षांवरच्या कारसाठी ऑगस्ट २०२५ पासून ती फी १०,००० झाली आहे. या मधल्या काळात ‘पार्ट मिळत नाहीत’ म्हणून मूळ १,०८९ सीसीचं इंजिन काढून ११८ एनईचं निस्सान बनावटीचं इंजिन आणि पाच गिअर टाकायचा मोह होतो. गाडी पळते छान, कबूल. पण परवानगीशिवाय केलं तर आजही बेकायदा, आणि परवानगी काढून केलं तरी उद्या व्हिंटेजच्या समितीपुढे ‘मूळ इंजिन कुठंय?’ हा प्रश्न उभा.

त्यापेक्षा उलटवता येतील असे बदल करा. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडियल टायर, चांगल्या वायरी, रिलेसह हॅलोजन. यात पत्रा कापावा लागत नाही, वेल्डिंग नाही, नंबर बदलत नाही. काढलेला प्रत्येक भाग, अगदी जुना कार्बोरेटरसुद्धा, ग्रीस लावून, चिठ्ठी चिकटवून खोक्यात ठेवा आणि ते खोकं भंगारवाल्याला जाणार नाही याची घरात सगळ्यांना ताकीद द्या.