वृद्ध कामगार आणि डिजिटल साक्षरता

साखर कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार किंवा उभा जन्म विड्या वळण्यात घालविलेली बाई आज युनियनच्या कचेरीत येते, ती हातात मोबाइल घेऊन येते. फोन मुलाने घेऊन दिलेला असतो. मुलगा मात्र पुण्याला किंवा चाकणला. मग हे यंत्र चालवावयाचे कुणी, आणि शिकवावयाचे कुणी, हा आमच्या जिल्ह्यापुढील साधा पण पोटाशी निगडित प्रश्न आहे.

पोटाशी कसा, ते सांगतो. कर्मचारी पेन्शन योजना, 1995 खाली ज्यांना पेन्शन मिळते त्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो कोणत्याही महिन्यात देता येतो व दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. मुदत टळली की पेन्शन थांबते. 2014 साली या योजनेतील किमान पेन्शन दरमहा 1000 रुपये ठरले. एवढ्याशा रकमेवर ज्याचे औषधपाणी चालते, त्याला एक महिन्याचा खंडही परवडत नाही.

10 नोव्हेंबर 2014 रोजी 'जीवन प्रमाण' ही व्यवस्था सुरू झाली. आधारशी बोटाचा ठसा जुळला की दाखला तयार. परंतु संगमनेर-नगरकडच्या विडी कामगार बायांची बोटे ओल्या पानावर आणि कात्रीवर झिजलेली. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड्यांचे हातही कोयत्याने घट्टे पडलेले. एके काळी अंगठा हे निरक्षरतेचे चिन्ह होते. आता यंत्र तो अंगठासुद्धा ओळखीना! 2021 च्या नोव्हेंबरात चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय झाली, तेव्हा ही अडचण पुष्कळ हलकी झाली.

या सोयीची रीत अशी: फोनवर 'आधार फेस आरडी' व 'जीवन प्रमाण' ही दोन ॲप घ्यावयाची. फोन चालविणाऱ्याने प्रथम स्वतःची आधारवर ओळख पटवावयाची. मग पेन्शनरचा आधार क्रमांक व पेन्शनचा पीपीओ क्रमांक भरून, उजेडाकडे तोंड करून बसवून, चेहरा टिपावयाचा. म्हणजे प्रत्येकाजवळ महागडा फोन हवा असे नाही. गल्लीतील एक जाणता कार्यकर्ता अनेकांचे काम करू शकतो. ज्याला हेही जमत नाही त्याला बँक, पोस्ट किंवा सीएससी केंद्र आहेच.

सरकारने या बाबतीत काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. 2017 साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान निघाले. दर घरातील एकाला 20 तासांचे शिक्षण मिळे. मात्र वयाची अट होती 14 ते 60. म्हणजे ज्याला सर्वांत अधिक गरज, तोच दाराबाहेर! ते अभियान मार्च 2024 मध्ये संपले. 2022 पासूनच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षांवरील कोणाही निरक्षराला जागा आहे, त्यात डिजिटल साक्षरतेचाही समावेश आहे, आणि शिकविणारे स्वयंसेवक आहेत. हे योग्यच होय.

कारण हे काम गावाने अंगावर घेतल्याशिवाय होत नाही. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा प्रौढांना अक्षरे शिकविण्याचा भार गावांनी स्वतः उचलला. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावी 2016 मध्ये आजीबाईंची शाळा भरली, म्हणून वयाची सबब उरली नाही. केरळात एका पुल्लंपारा पंचायतीने प्रारंभ केला आणि ऑगस्ट 2025 मध्ये सारे राज्य डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाले.

शिकविणाऱ्याने चार पथ्ये पाळावीत. शिकणाऱ्याच्याच फोनवर शिकवावे. फोन त्याच्या हातून काढून घेऊ नये. आपण बटणे दाबली तर तो फक्त पाहुणा राहतो. एका बैठकीत एकच गोष्ट घ्यावी: आज फोन उचलणे, उद्या संदेश वाचणे. आणि पायऱ्या वहीत मराठीत लिहून द्याव्यात. ज्याला वाचता येत नाही त्याला चित्रे काढून द्यावीत.

या सर्वांआधी सावधगिरी शिकवावी. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे जाण्यासाठी, हे वाक्य पाठ करून घ्यावे. ओटीपी कुणालाही सांगू नये. 'डिजिटल अटक' नावाची वस्तू कायद्यात नाही. फोनवरून पोलीस कुणाला अटक करीत नाहीत. फसगत झालीच तर त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करतो. म्हाताऱ्या माणसाला फोन शिकविणे हे आमचे, तुमचे काम. परंतु ज्याला तो शिकता येणार नाही, त्याच्यासाठी खिडकी उघडी आणि खिडकीमागे माणूस ठेवणे हे सरकारचे व बँकांचे काम. पेन्शन ही घाम गाळून मिळविलेली कमाई आहे. ती मोबाइलच्या परीक्षेत पास होणाऱ्यालाच मिळावी, हे आम्हांस मान्य नाही.