मिस्त्री म्हणतोय, इंजिन खोलावं लागेल! थांबा, आधी हे बघा



मृग तोंडावर आलाय. आता रानात मोगडा, रोटा, पाळी सुरू होईल. पहिला चांगला पाऊस होऊन वाफसा आला की ट्रॅक्टर एक दिवससुद्धा उभा ठेवता येत नाही, आणि अडतो तो नेमका तेव्हाच. मांजरसुंबा असो, चौसाळा असो की बीड, त्या आठ दिवसांत गॅरेजवर रांग लागते. मिस्त्री म्हणतो "खोलावं लागेल", आपण घाईत "खोला" म्हणून मोकळे होतो, आणि बियाण्या-खताला ठेवलेला पैसा तिकडं जातो. म्हणून हा सल्ला आजच, हातात वेळ असताना.

मी शेतीचा डिप्लोमा केलेला माणूस, मिस्त्री नाही. पण दुखणं ओळखायची रीत पिकात आणि यंत्रात सारखीच. सोयाबीन पिवळं पडलं तर कारण पाणी साचणं असेल, चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं असेल, नाहीतर पिवळा मोझॅक असेल. न बघता फवारणी केली तर पैसा वाया. ट्रॅक्टरचंही तसंच. एकाच लक्षणाची कारणं अनेक असतात, त्यातलं स्वस्त कारण आधी तपासायचं.

*धूर काय सांगतो?*

काळा धूर: इंजिनाला हवा कमी पडते, डिझेल जास्त जातंय किंवा ओझं झेपत नाही. आधी एअर फिल्टर बघा. ऑइलचा फिल्टर असेल तर खालच्या वाटीत गाळ साचलाय का, ऑइल खुणेइतकं आहे का? नांगर फार खोल लावलाय का? हे सगळं ठीक असेल तरच नोझल आणि पंपाकडं वळा.

निळा धूर: इंजिन ऑइल जळतंय. पट्टी काढून ऑइल खुणेच्या वर तर भरलेलं नाही ना, ते बघा. नसेल तर तासमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि त्यानंतर किती तासांत किती ऑइल टाकावं लागलं ते मोजा. ऑइल भराभर कमी होतंय आणि गरम इंजिनाच्या ब्रीदरमधून जोरात वाफारा येतोय, तर रिंग-पिस्टनची शंका खरी असू शकते. तरीही खोलायच्या आधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा आणि आकडा कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून बघा.

पांढरा धूर: थंड इंजिनात थोडा वेळ येऊन गेला तर काळजी नको. गरम झाल्यावरही येतोय, रेडिएटरचं पाणी कमी होतंय किंवा ऑइल दुधाळ दिसतंय, तर हेड गॅसकेटकडं लक्ष द्यावंच लागेल. अशा वेळी ट्रॅक्टर चालवू नका.

*मोठ्या खर्चाआधीच्या छोट्या तपासण्या*

१) इंजिन तापतंय: रेडिएटरच्या जाळीत मळणीचा भुसा अडकलाय का, फॅनचा पट्टा सैल आहे का, पाणी पुरेसं आहे का? गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

२) क्लच घसरतोय: पेडलला पुस्तिकेत दिलाय तेवढा मोकळा खेळ आहे का? खेळ नसेल तर चांगली प्लेटसुद्धा घसरते. तो आधी जुळवून घ्या, मग प्लेटचं बघू.

३) स्टार्ट होत नाही: बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची तार साफ करून आवळा. मग मीटर लावा. पूर्ण चार्ज बॅटरी बंद इंजिनावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू असतानाही आकडा वर जात नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे. नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरेल.

४) लिफ्ट उचलत नाही: हायड्रॉलिकचं ऑइल आणि फिल्टर आधी, पंप नंतर.

*इथं मात्र पैसे वाचवू नका*

दोन्ही ब्रेक सारखे लागत नसतील, स्टिअरिंगला फार खेळ असेल, चाकाचे नट ढिले असतील तर काम आजच करून घ्या. आपल्याकडं बालाघाटाचा उतार आहे. भरलेली ट्रॉली घाट उतरताना ब्रेक एका बाजूला ओढला तर सावरायला वेळ मिळत नाही. चालू इंजिनावर ऑइलचा लाल दिवा लागला तर जागेवर बंद करा. "घरापर्यंत नेऊ" म्हणाल तर न लागलेला खर्चही लागेल.

*मिस्त्रीशी बोलताना*

बहुतेक मिस्त्री फसवायला बसलेले नाहीत. गिऱ्हाईक परत तक्रार घेऊन येऊ नये म्हणून संशय आला तो भाग बदलून टाकायची सवय असते. म्हणून भांडू नका, सरळ विचारा:

- "दादा, दोष कुठं दिसतोय, मला दाखवा."
- "हे आत्ता नाही केलं तर काय होईल? हंगाम निघेल का?"
- "नुसतं खोलून बघायचे किती? सामान किती, मजुरी किती?"
- "मला विचारल्याशिवाय वाढीव काम करू नका."
- "जुना भाग आणि नव्याचा खोका मला द्या."

मोठं काम सांगितलं तर दुसऱ्या मिस्त्रीलाही दाखवा. पहिला काय म्हणाला ते त्याला सांगू नका, फक्त लक्षणं सांगा. दोघांनी आपापलं बघून एकच दोष सांगितला तर समजा काम खरंच आहे. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर बाहेर खोलण्याआधी वॉरंटीचं पुस्तक वाचा.

पक्कं बिल घ्याच. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण हातात कागद नसेल तर तक्रार उभी राहणं अवघड जातं.

*या आठवड्याचं काम:* एका वहीत तासमीटरचा आकडा, ऑइलची पातळी आणि शेवटची सर्व्हिस कधी झाली ते लिहा. एअर फिल्टर आणि रेडिएटर साफ करा. एकदा रानात ओझ्यावर चालवून धूर बघा. मोठं काम निघालंच तर ते आत्ता, गॅरेज रिकामं असताना करून घ्या. शंका असेल तर धुराचा छोटा व्हिडिओ आणि तासमीटरचा फोटो ग्रुपवर टाका. ज्यांनी हे काम करून घेतलंय, त्यांनी खर्च किती आला आणि गुण आला का, तेही लिहा. बाकीच्यांना त्याचा उपयोग होईल.